नाना फडणवीस : पेशवाईचा सर्व्हर
व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरून आपला निरोप सुरक्षित नेणारा बोगदा. नाना फडणवीसांनी तो कॉम्प्युटरशिवाय चालवला! १७४२ साली साताऱ्यात जन्म. १७६१ ला पानिपतातून कसेबसे वाचले. मग पुण्यात बसून दिल्ली, हैदराबादच्या वकिलांची गुप्त पत्रं जासुदांकरवी मागवू लागले. पत्र खरं की खोटं, हे शिक्क्यावरून ओळखायचं. १७७९ ला इंग्रज पुण्यावर चालून आले, तर नाना-महादजींच्या फौजांनी त्यांना वडगावला गाठून तह करायला लावला.

पण सगळ्या किल्ल्या एकाच माणसापाशी! १८०० मध्ये नाना गेले आणि १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य गमावलं. म्हणून सांगतो, पासवर्ड जपा, पण काम शिकलेला दुसरा माणूसही तयार ठेवा!