लिटनच्या स्वागताला विरोध करणारे एकटे जोतीराव

२८ नोव्हेंबरला राष्ट्रपिता जोतीराव फुले यांचा स्मृतिदिन असतो. त्या दिवशी आपण भिडेवाड्याला जातो, सत्यशोधक समाजाची आठवण काढतो, अस्पृश्यांसाठी खुल्या केलेल्या हौदाची गोष्ट नव्या पोरांना सांगतो. हे सगळे व्हायलाच हवे. पण या उजळणीत जोतीरावांची एक बाजू नेहमी मागे राहते. ते बांधकामाचे ठेकेदार होते आणि पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मजुराच्या हजेरीपासून सरकारी तिजोरीपर्यंतचा पैसा कसा फिरतो, हे त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिले होते. आज आपल्या वस्त्यांतली शिकलेली मुले रेल्वेत, कारखान्यात, महापालिकेत कंत्राटावर राबतात. खर्च वाढला म्हणून पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते आणि वरच्या मजल्यावरची वातानुकूलित दालने तशीच राहतात. म्हणून या वर्षी आम्हाला त्या मागे राहिलेल्या जोतीरावांबद्दल लिहावेसे वाटले.

जन्म पुण्यातला, १८२७ सालचा. घराणे मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायामुळे फुले झाले. आई चिमणाबाई लहानपणीच गेल्या. स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिक्षण, सावित्रीमाईंशी लग्न, १८४८ साली मुलींची शाळा, मग वडिलांचे घर सोडावे लागणे. हा भाग आपल्या वाचकांना तोंडपाठ आहे, तेव्हा पुढे जाऊ.

जोतीरावांनी तिशी ओलांडली तेव्हा, १८५८ च्या जूनमध्ये, पुण्यात रेल्वे आली. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग सुरू झाला, पण खाली बोरघाटातले काम चालूच होते. १८५६ ते १८६३ अशी सात वर्षांहून जास्त काळ माणसे तो डोंगर फोडत होती. पंचवीस बोगदे खोदले गेले. काम ऐन भरात असताना घाटात एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. पटकी आणि तापाने, सुरुंगाने, कड्यावरून पडून हजारो मेले. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजूर चिडून उठले आणि गोऱ्या अंमलदारांवर चालून गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत फेव्हिएल नावाच्या ठेकेदाराने कामातून अंग काढून घेतले. मेलेल्या मजुरांची नावे कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत.

त्याच वेळी लंडनमध्ये बसलेल्या भागधारकांचे काय चालले होते, हेही पाहिले पाहिजे. जीआयपी रेल्वे कंपनीशी १८४९ साली जो करार झाला, त्यात भांडवलावर वर्षाला ५ टक्के व्याजाची हमी होती. कंपनीला नफा होवो की तोटा, कमी पडेल ते सरकार भरणार. सरकार म्हणजे शेतसारा भरणारा कुणबी, माळी, महार. हमी असल्यावर काटकसर कोण करतो? मैलामागचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि तरी भागधारकांचे व्याज बुडाले नाही. मजुराची मजुरी मात्र थकू शकत होती. ही रीत जुन्या काळाबरोबर संपली असे कुणी समजू नये. २०१७ साली अमेरिकेतल्या सीएसएक्स या रेल्वे कंपनीने हंटर हॅरिसन यांना मुख्य अधिकारी म्हणून आणले. आधीची कंपनी सोडल्यामुळे बुडालेल्या त्यांच्या रकमेपोटी ८ कोटी ४० लाख डॉलर भरून द्यायला भागधारकांनी मान्यता दिली. त्याच वर्षी त्या कंपनीत हजारो नोकऱ्या गेल्या.

जोतीराव स्वतः ठेकेदारीत उतरले ते याच काळात. शाळा चालवायच्या, बालहत्या प्रतिबंधक गृह चालवायचे, पुस्तके छापायची, तर पैसा लागतो, आणि तो कुणापुढे हात न पसरता मिळवायचा होता. मुठा कालव्याच्या आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला, येरवड्याच्या पुलाशी त्यांचे नाव जोडलेले आहे, आणि पुढे सहकाऱ्यांबरोबर पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने मोठी कामे झाली. अशा कामावर चुना मोजणारा, हजेरी घेणारा, बिल पास करणारा असे सगळे भेटतात. मजुराच्या नावापुढे खोटी हजेरी कशी लागते, त्याच्या पदरात प्रत्यक्षात किती पडते, साहेबाच्या टेबलावर बसलेला कारकून मधल्या मध्ये काय करतो, हे जोतीरावांनी तिथे उभे राहून पाहिले. इंजिनियर खात्यातल्या या लबाड्यांवर त्यांनी पोवाडाच लिहिला. आमच्या मते हा पोवाडा कामगार चळवळीतल्या प्रत्येकाने वाचावा. मजुराचे शोषण मालक एकटा करत नाही, मधली साखळी करते, आणि त्या साखळीला जात असते, हे इतक्या लवकर दुसऱ्या कुणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

१८७६ साली पाऊस गेला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत पीक हाती आले नाही. तेच जोतीरावांच्या नगरपालिकेतल्या कारकिर्दीचे पहिले वर्ष. सरकारने दुष्काळी कामे काढली. तळी, रस्ते, कालवे, आणि रेल्वेचे भराव. आज आपण दौंडहून नगरमार्गे मनमाडला ज्या रुळांवरून जातो, त्या मार्गाचे मातीकाम याच दुष्काळातल्या भुकेल्या माणसांनी केले आणि १८७८ साली त्यावरून गाडी धावली. (साठ वर्षांनी, १९३८ च्या फेब्रुवारीत, याच मार्गाच्या टोकाला मनमाडला बाबासाहेबांनी जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद घेतली. आयुष्यभर गँगमनच राहणाऱ्या, हमालाच्या जागेवरसुद्धा न घेतल्या जाणाऱ्या माणसांची कैफियत त्यांनी तिथे मांडली. स्टेशनमास्तरच्या घरी हमालाकडून घरकामही करून घेतले जाई, त्यामुळे तिथे अस्पृश्य चालत नसे. त्या दोन दिवसांवर स्वतंत्र लेख व्हायला हवा.)

दुष्काळी कामावर गर्दी वाढली तशी वर काटकसरीची चर्चा सुरू झाली. १८७७ च्या जानेवारीत मजुरी कापली. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे एक पौंड धान्याची किंमत आणि वर आणा-अर्धा आणा. एक पौंड म्हणजे आजच्या हिशेबाने अर्धा किलोही नाही, आणि एवढ्यावर दिवसभर माती वाहायची. गावाजवळची लहान कामे बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर जायला सांगितले. जो जाणार नाही त्याचे नाव पटावरून गेले. त्याविरुद्ध या भागातले हजारो दुष्काळग्रस्त काम टाकून घरी निघाले. भुकेल्या माणसाने काम सोडणे ही काय गोष्ट असते, याचा जरा विचार करावा. सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली, हेही नोंदवले पाहिजे.

आणि नेमक्या त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला, १ जानेवारी १८७७ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत दरबार भरवला होता. राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरवायची होती. राजेरजवाडे, हत्ती, शामियाने, आठवडाभर मेजवान्या. सुमारे ६८ हजार पाहुणे होते असे सांगतात. दख्खनमधल्या मजुराच्या अर्ध्या आण्यावर ज्यांची नजर होती, त्यांना दिल्लीचा हा खर्च जड गेला नाही. योगायोग असा की त्याच १ जानेवारीला पुण्यात कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केला. दरबाराच्या दिवशीच कष्टकऱ्यांचे पत्र निघाले.

जोतीराव आणि सावित्रीमाई त्या काळात शांत बसून नव्हते. धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून आईबाप मेलेल्या, टाकून दिलेल्या मुलांना जेवण सुरू झाले. १७ मे १८७७ रोजी जोतीरावांनी मदतीचे जाहीर आवाहन काढले. सावित्रीमाई जुन्नर भागात ओतूरला होत्या. तिथली उपासमार, सावकारांची दांडगाई आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांची धावपळ त्यांनी एप्रिलमध्ये जोतीरावांना पत्राने कळवली. आश्रमाचे नाव व्हिक्टोरियाचे होते, हे पाहून काही तरुण मित्र नाक मुरडतात. जोतीराव इंग्रज राज्याचे आंधळे भक्त नव्हते आणि आंधळे वैरीही नव्हते. पेशवाईत ज्यांना अक्षर बंद होते त्यांना इंग्रजी राज्यात शाळा उघडली, हे ते मोकळेपणाने मान्य करत. पण म्हणून राज्यकर्त्यांच्या खर्चाचा हिशेब मागायचा नाही, असे त्यांनी कधी मानले नाही.

ते दिसले १८८० साली. लिटन पुण्याला येणार होते. दुष्काळात लाखो माणसे मेली होती, १८७८ मध्ये देशी भाषांतल्या पत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला होता आणि ‘दीनबंधु’ने त्याचा निषेध केला होता. अशा पाहुण्याच्या सन्मानासाठी नगरपालिकेने १००० रुपये खर्च करावेत असा ठराव आला. सभासद ३२. सगळे सरकारनियुक्त, म्हणजे साहेबाची मर्जी गेली तर जागा जाणार. त्यांत शहाणे होते, पदवीधर होते, पुढे ज्यांना देशभक्त म्हटले गेले अशांच्या बैठकीतलेही काही असतील. जोतीराव उठले आणि हा पैसा करदात्यांचा आहे, तो पुण्यातल्या गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांनी मागणी केली. मत घेतले तेव्हा विरोधात एकच मत पडले. ठराव अर्थातच मंजूर झाला.

कुणी म्हणेल, हजार रुपयांचे ते काय. पण जो माणूस धनकवडीला मुलांच्या ताटात भाकरी वाढून आला आहे, ज्याने कामावरच्या मजुराची मजुरी आण्या-पैत मोजली आहे, त्याला हजार रुपये म्हणजे किती ताटे हे कळत होते. रोज एक आणा मिळवणाऱ्या मजुराचे ते सोळा हजार दिवस होतात. बाकीच्या एकतीस जणांना हा गुणाकार येत नव्हता असे नाही.

मंडईच्या बाबतीतही तेच झाले. शुक्रवार पेठेत भव्य मंडई बांधायचा बेत नगरपालिकेत आला तेव्हा जोतीराव आणि त्यांचे मित्र हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणाला द्या, हेच म्हणणे. मंडई झाली, १८८६ मध्ये गव्हर्नर रे यांचे नाव तिला मिळाले. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिचे नाव महात्मा फुले मंडई झाले. ज्यांनी त्या खर्चाला विरोध केला त्यांचेच नाव त्या कळसाखाली आहे, आणि तिथे भाजी घ्यायला जाणाऱ्या पुणेकरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक आहे.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी हाच हिशेब शिक्षणाला लावला. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, खेड्यातल्या पोराला मात्र शाळा नाही, हे त्यांनी आयोगाला स्पष्ट सांगितले. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये पूर्ण झाला. त्यात गोऱ्या आणि ब्राह्मण नोकरांचे पगार, पेन्शनी, डामडौल, आणि त्यासाठी शेतकऱ्यावर चढत जाणारा सारा, यांची झाडाझडती आहे. ही भाषा इतकी कडक होती की ‘दीनबंधु’चे तेव्हाचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुरुवातीची प्रकरणे छापून पुढची थांबवली. जोतीराव त्यांच्यावर रागावले. दोघेही आपलेच, पत्र बंद पडू नये ही लोखंड्यांची काळजी खोटी नव्हती. तरी आम्हाला जोतीरावांचा राग जास्त पटतो.

या रागामुळे लोखंड्यांचे काम मात्र अडले नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करण्यात त्यांनी स्वतःला झोकून दिले, त्यांना सत्यशोधकांची साथ होती, आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. नोकरशाहीच्या पगाराचा हिशेब मागणारा गुरू आणि मजुराच्या सुट्टीसाठी लढणारा कार्यकर्ता एकाच चळवळीतले होते. बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांच्या इतिहासावरचा आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला, तो याच वारशाला.

२ मार्च १८८८ ला पुण्यात ड्यूक ऑफ कनॉट यांच्यासाठी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. मंडईला जोतीरावांबरोबर विरोध करणारे तेच हे मित्र. जोतीराव तिथे डोक्याला मुंडासे, अंगावर फाटकी घोंगडी, पायात जोडे अशा शेतकऱ्याच्या वेषात गेले. दारावरच्यांनी अडवले. आत गेल्यावर त्यांनी राणीच्या मुलाला सांगितले की समोर दागदागिने घालून बसलेली मंडळी म्हणजे हा देश नव्हे, देश पाहायचा तर खेड्यात चला.

त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या सभेत जनतेने त्यांना महात्मा म्हटले. दोन महिन्यांत पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, तर ‘सार्वजनिक सत्यधर्म’ त्यांनी डाव्या हाताने लिहून काढला. एवढी कामे केलेल्या ठेकेदाराच्या घरात औषधाला पैसे उरले नव्हते. जे कमावले ते शाळांत, आश्रमात, पुस्तकांत गेले होते. १८९० च्या उन्हाळ्यानंतर मामा परमानंदांनी सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करावी अशी विनंती केली. २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कुणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीमाई पुढे झाल्या आणि ते हातात घेऊन चालू लागल्या.