पुस्तकांना वाचक मिळवून देणारे रंगनाथन

इ. स. १९२४ च्या जानेवारी महिन्यात मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक नवे ग्रंथपाल रुजू झाले. त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते आणि ते मूळचे गणिताचे प्राध्यापक होते. ग्रंथालयाचे काम त्यांनी पूर्वी कधीच केले नव्हते. मुलाखतीला जाण्यापूर्वी त्यांनी ज्ञानकोशातील ग्रंथालयांविषयीचा एक लेख वाचून घेतला होता, तेवढीच त्यांची तयारी. या ग्रंथपालांचे नाव शियाळी रामामृत रंगनाथन. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून पुढे जगाने त्यांना ओळखले. परंतु त्या पहिल्या दिवसांत मात्र ही जागा सोडून निघून जावे, असेच त्यांना वाटत होते.

रंगनाथन यांचा जन्म १८९२ मध्ये तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्याच परिसरात हा ग्रंथप्रेमी जन्मला, हा एक सुखद योगायोग म्हणावा लागेल. वडील लहानपणीच वारले. गावातील शाळेत शिक्षण पूर्ण करून ते मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले. तेथे एडवर्ड रॉस हे गणिताचे प्राध्यापक त्यांना गुरू म्हणून लाभले. या गुरूंशी जडलेले नाते जन्मभर टिकले. एम. ए. झाल्यावर रंगनाथन यांनी मंगळूर, कोइमतूर आणि शेवटी मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे गणित शिकवले. बोलताना अडखळण्याचा दोष त्यांनी प्रयत्नपूर्वक दूर केला होता. वर्गात टिपणे उतरवून देणे त्यांना आवडत नसे. विद्यार्थ्यांनी स्वतः वाचावे, प्रश्न विचारावेत, आपापसांत चर्चा करावी, असा त्यांचा प्रयत्न असे.

असा शिक्षक ग्रंथपालाच्या खुर्चीवर बसला तेव्हा त्याला भोवती काय दिसले? पुस्तके होती, पण वाचक जवळजवळ नव्हते. दिवसच्या दिवस कोणी विचारपूस करायला येईना. विद्यार्थ्यांच्या गजबजाटाची सवय असलेल्या रंगनाथन यांना ती शांतता असह्य झाली. थोड्याच दिवसांत ते प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले आणि आपल्याला पुन्हा अध्यापनाचे काम द्यावे, अशी त्यांनी विनंती केली. ग्रंथपालाच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याचे ठरलेच आहे, तर आधी जाऊन यावे आणि तरीही मन रमले नाही तर परत यावे, असा सल्ला प्राचार्यांनी दिला. हा सल्ला मिळाला नसता, तर देशाला एक चांगला गणिताचा प्राध्यापक लाभला असता, पण मोठ्या ग्रंथपालाला तो मुकला असता.

लंडनमध्ये बेरविक सेयर्स हे त्यांचे मार्गदर्शक होते. सेयर्स क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख असल्यामुळे रंगनाथन यांना तेथील काम आतून पाहता आले. इंग्लंडमधील अनेक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली. तेथे कामगार येत, गृहिणी येत, लहान मुले येत. मद्रासच्या ग्रंथालयातील शांतता हा पुस्तकांचा दोष नाही आणि लोकांचाही नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. दोघांची गाठ घालून देणारे कोणी तेथे नव्हते. याच मुक्कामात एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच त्या पट्ट्या आणि नटबोल्ट वापरून निरनिराळ्या वस्तू तयार होत होत्या. ग्रंथांच्या विषयांचीही अशीच जोडणी करता येईल, ही कल्पना त्यांना त्यावरून सुचली. त्यातूनच त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती आकाराला आली आणि १९३३ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

१९२५ च्या जुलैमध्ये रंगनाथन मद्रासला परतले. पुन्हा कॉलेजात जाण्याचा विचार आता उरला नव्हता. त्या काळी आपल्याकडे पुस्तके कुलूपबंद कपाटांत ठेवण्याची रीत होती. रंगनाथन यांनी वाचकाला थेट फडताळापाशी जाऊन पुस्तके हाताळण्याची मुभा दिली. ग्रंथालय उघडे राहण्याची वेळ वाढवली आणि वाचकाला हवे ते शोधून देण्यासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमले. हळूहळू तेथील खुर्च्या भरू लागल्या.

या अनुभवामागचे तत्त्व मोजक्या शब्दांत मांडता येईल काय, हा प्रश्न गणितज्ञ रंगनाथन यांना स्वस्थ बसू देईना. १९२८ मध्ये एके संध्याकाळी रॉस त्यांच्या भेटीस आले असता बोलता बोलता गुरूंनीच पहिले सूत्र सुचवले आणि उरलेली चार त्यातून उलगडत गेली. १९३१ मध्ये या पाच सूत्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुस्तके जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात, हा पहिल्या सूत्राचा आशय. दुसरे सूत्र वाचकाच्या हक्काविषयी आहे. चौथे वाचकाच्या वेळेविषयी, तर पाचवे ग्रंथालयाच्या सतत होणाऱ्या वाढीविषयी आहे. या सर्वांत तिसरे सूत्र विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. त्यात रंगनाथन पुस्तकाची बाजू घेतात. आपल्याला योग्य असा वाचक मिळावा, हा पुस्तकाचाही हक्क आहे, असे ते मानतात. परंतु पुस्तक स्वतः उठून वाचकाकडे जाऊ शकत नाही. म्हणून मांडणी, तालिका, नव्या पुस्तकांचे प्रदर्शन, प्रसिद्धी, वाचकमंडळे अशा अनेक मार्गांनी त्याची ओळख करून द्यावी लागते. १९३१ मध्ये मन्नारगुडी येथे कनकसभै पिळ्ळै यांनी बैलगाडीतून पुस्तके खेडोपाडी नेण्याचा उपक्रम सुरू केला, तो याच विचाराला धरून होता.

शाळेच्या ग्रंथालयाकडे या सूत्राच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कपाटातील पाचदहा पुस्तके सदैव फिरत असतात. त्यांच्या पानांचे कोपरे दुमडलेले असतात. बाकीची मात्र करकरीत राहतात. ती वाईट असतात असे नव्हे. त्यांच्याविषयी कोणी बोललेले नसते, इतकेच. मोठ्यांनी केलेली शिफारस मुलांना पुष्कळदा अभ्यासाचाच भाग वाटते, तर बाकावरच्या सोबत्याचे म्हणणे चटकन पटते. म्हणून विद्यार्थ्याने वाचलेल्या पुस्तकाचे लहानसे परीक्षण लिहून ते पुस्तकातच ठेवले, किंवा ग्रंथालयातील एका वहीत नोंदवले, तर ते पुस्तक नव्या हाती जाण्याची शक्यता वाढते. परीक्षण लिहिणे म्हणजे सगळी गोष्ट सांगून टाकणे नव्हे. पुस्तक कशाविषयी आहे, कोठे मन गुंतले, कोणाला ते आवडेल, एवढे आले तरी पुरे. नुसते छान आहे असे लिहिल्याने पुढच्या वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. पुस्तक कंटाळवाणे वाटले असेल, तर तेही कारणासह निःसंकोच लिहावे. एकाला रेंगाळलेली वाटणारी वर्णने दुसऱ्याला नेमकी हवी असतात. त्यामुळे प्रामाणिक नापसंतीसुद्धा पुस्तकाला त्याचा वाचक शोधून देते.

रंगनाथन यांनी शाळा व महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर १९४२ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मद्रासनंतर त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात काम केले. तेथे सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी दोन वर्षांत स्वतः केले. पुढे दिल्ली विद्यापीठात त्यांनी ग्रंथालयशास्त्र शिकवले. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९४८ मध्ये मद्रास प्रांतात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. स्वतंत्र भारतातील हा असा पहिला कायदा होय. संस्थानांपैकी कोल्हापूरने मात्र १९४५ मध्येच असा कायदा केला होता. १९५७ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी आयुष्यभराची बचत, म्हणजे एक लाख रुपये, ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी मद्रास विद्यापीठाला दिली. पत्नी शारदा यांचे नाव त्या अध्यासनाला देण्यात आले.

अखेरची वर्षे त्यांनी बंगळूरला काढली. तेथे १९६२ मध्ये त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत त्यांचे लेखन अखंड चालू होते. २७ सप्टेंबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. नवे शिक्षण आणि शाळेचे ग्रंथालय या विषयावरील त्यांचे पुस्तक त्यानंतर, १९७३ मध्ये, वाचकांच्या हाती आले.