अंतराळयुगाचे पायाभरणीकार डॉ. विक्रम साराभाई

जैन समाजाने या देशाला कर्तबगार व्यापारी दिले, उदार दाते दिले, साहित्य व तत्त्वज्ञानाचे थोर उपासक दिले. याच समाजातील एका गिरणीमालकाच्या घरी जन्मलेल्या सुपुत्राने स्वतंत्र भारताला अंतराळाचा मार्ग दाखविला. ते सुपुत्र म्हणजे डॉ. विक्रम साराभाई. त्यांना आयुष्य लाभले अवघे बावन्न वर्षांचे. त्यांच्या हयातीत भारताचा एकही उपग्रह पृथ्वीभोवती फिरला नाही. तरीही भारतीय अंतराळ कार्यक्रमाचे जनक म्हणून अवघा देश त्यांनाच वंदन करतो. ज्याचे फळ आपल्या दृष्टीस पडणार नाही, असे झाड लावून त्याला पाणी घालणाऱ्या या महापुरुषाचे चरित्र प्रत्येक संस्थेने मनन करावे असे आहे.

विक्रमभाईंचा जन्म 12 ऑगस्ट 1919 रोजी अहमदाबाद येथे एका श्रीमाळी जैन कुटुंबात झाला. पिता अंबालाल साराभाई हे कॅलिको मिलचे मालक. माता सरलादेवी सुविद्य व शिक्षणप्रेमी होत्या. आठ भावंडांच्या शिक्षणासाठी त्यांनी घरीच शाळा चालविली. 1915 साली महात्मा गांधींनी अस्पृश्य कुटुंबाला आश्रमात आश्रय दिला, तेव्हा आश्रमाला मिळणारी मदत आटली. त्या वेळी एका गृहस्थाने मोटारीतून येऊन 13,000 रुपये दिले व कोणताही गाजावाजा न करता ते निघून गेले. ते गृहस्थ अंबालालच होत, असे मानले जाते. पुढे 1918 च्या गिरणी संपात अंबालाल मालकांचे नेते होते, तर त्यांच्या भगिनी अनसूयाबेन कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या. एकाच घरात दोन भिन्न मते नांदू शकतात, हा अनेकांताचा पाठ विक्रमभाईंच्या घराण्यात असा प्रत्यक्ष गिरविला गेला.

अहमदाबादच्या गुजरात कॉलेजातून ते केंब्रिजला गेले व 1940 साली तेथील पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले. महायुद्धामुळे स्वदेशी परतून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांवर संशोधन केले. 1942 साली नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युद्धानंतर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि 1947 साली डॉक्टरेट मिळवून परतले.

घरचा व्यवसाय मोठा होता. त्यात लक्ष घालून सुखाने राहणे सहज शक्य होते. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. आईवडिलांच्या कर्मक्षेत्र एज्युकेशनल फाउंडेशन या न्यासाने व अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीने तिला आधार दिला. धर्मादाय न्यासाचा पैसा विद्यादानाच्या अशा नव्या क्षेत्रात कसा लावावा, याचे ते उत्तम उदाहरण ठरले. कापड गिरण्यांसाठी अटिरा ही संशोधन संस्थाही त्याच सुमारास उभी राहिली. सूत, ताणा-बाणा आणि रंग यांचे काम केवळ अनुभवी नजरेवर चाले, त्याला मोजमापाची व चाचणीची जोड तेथे मिळाली. 1961 च्या सुमारास अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या उभारणीतही त्यांनी पुढाकार घेतला.

1962 साली अंतराळ संशोधनासाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली व तिचे अध्यक्षपद विक्रमभाईंकडे आले. अग्निबाण सोडण्यासाठी केरळातील थुंबा हे मच्छीमारांचे गाव निवडले गेले, कारण पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळून जाते. तेथे सेंट मेरी मॅग्डालिन हे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या भाविकांना विश्वासात घेतले आणि चर्चची वास्तू विज्ञानकार्यासाठी दिली. एका जैन कुटुंबातील शास्त्रज्ञाच्या विनंतीवरून ख्रिस्ती बांधवांनी आपले प्रार्थनास्थळ देशासाठी द्यावे, ही घटना सर्वधर्मसद्भावाच्या इतिहासात नोंदविण्यासारखी आहे. 21 नोव्हेंबर 1963 रोजी तेथून पहिला अग्निबाण आकाशात झेपावला. तो अमेरिकन बनावटीचा नाइके-अपाचे होता.

हा अग्निबाण वर गेला आणि खाली आला. वर जाणे वेगळे आणि वर टिकणे वेगळे, हे विक्रमभाई पूर्णपणे जाणून होते. फेकलेला दगड काही अंतरावर जमिनीवर पडतो. तो जितक्या वेगाने फेकावा, तितका दूर जातो. वातावरणाच्या वर, सेकंदाला सुमारे 8 किलोमीटर वेगाने एखादी वस्तू आडवी सोडली, तर तिचे पडणे थांबत नाही. मात्र ती जितकी पडते, तितकीच गोल पृथ्वी तिच्याखालून वळत जाते. त्यामुळे ती जमिनीला न लागता फिरत राहते. हीच कक्षा होय. म्हणजे केवळ बळ पुरत नाही. योग्य उंचीवर, योग्य दिशेने, योग्य वेग यावा लागतो. वेग कमी पडला तर वस्तू खाली येते, फार वाढला तर कायमची दूर निघून जाते.

जसजसे उंच जावे, तसतसा आवश्यक वेग कमी होतो व फेरीचा काळ वाढतो. विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर फेरीचा काळ पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याच्या काळाइतकाच होतो. तेथील उपग्रह जमिनीवरून पाहणाऱ्याला एकाच जागी स्थिर भासतो. विक्रमभाईंचे लक्ष या भूस्थिर कक्षेवर खिळले होते. खेड्यातील अँटेना एकदा त्या दिशेला बसविली की पुन्हा हलवावी लागणार नाही, आणि एकाच उपग्रहातून लाखो गावांना शेती, आरोग्य व शिक्षणाचे पाठ पोहोचतील, हा त्यांचा हिशेब होता.

भुकेल्या देशाला हा खर्च परवडतो काय, असा प्रश्न त्या काळी अनेकांनी विचारला आणि तो गैर नव्हता. विक्रमभाईंनी तो टाळला नाही. चंद्रावर माणूस पाठविण्याच्या शर्यतीत श्रीमंत राष्ट्रांशी स्पर्धा करण्याचा मोह त्यांनी कटाक्षाने दूर ठेवला आणि सामान्य माणसाच्या उपयोगाची कसोटी लावली. आपल्या महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे 1971 साली उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. पुढे त्याला त्यांचेच नाव देण्यात आले.

1966 च्या जानेवारीत डॉ. होमी भाभा विमान अपघातात निवर्तले आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद विक्रमभाईंकडे आले. अण्वस्त्रांच्या मार्गाविषयी ते साशंक होते. आर्थिक व औद्योगिक बळाविना शस्त्रांनी देश सुरक्षित होत नाही, ही त्यांची धारणा त्या वेळच्या वातावरणात अनेकांना रुचली नाही, पण त्यांनी ती सोडली नाही. 15 ऑगस्ट 1969 रोजी इस्रोची स्थापना झाली. कक्षेत उपग्रह सोडण्यासाठी पूर्व किनाऱ्यावरील श्रीहरिकोटा बेट निवडले गेले. पूर्वेकडे प्रक्षेपण केल्यास पृथ्वीच्या फिरण्याचा वेग आयता मिळतो आणि खाली समुद्र असल्याने वस्तीला धोका राहत नाही.

दोन प्रचंड जबाबदाऱ्यांचा भार वाहत असतानाच 30 डिसेंबर 1971 रोजी केरळातील कोवळम येथे झोपेतच त्यांचे देहावसान झाले.

पण त्यांनी उभारलेली माणसे आणि संस्था थांबल्या नाहीत. 19 एप्रिल 1975 रोजी आर्यभट हा पहिला भारतीय उपग्रह रशियन अग्निबाणाने कक्षेत गेला. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेशी ठरविलेला दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. त्यासाठी अमेरिकेचा उपग्रह कक्षेतच सरकवून आफ्रिकेवर आणण्यात आला. उंचीत किंचित बदल केला की उपग्रह हळूहळू सरकू लागतो व इष्ट जागी पूर्ववत उंचीवर आणला की थांबतो. वर्षभर 6 राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांनी ते कार्यक्रम पाहिले. 10 ऑगस्ट 1979 रोजी स्वदेशी प्रक्षेपक एसएलव्ही-3 दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील गळतीमुळे समुद्रात कोसळला. पण 18 जुलै 1980 रोजी त्यानेच रोहिणी उपग्रह कक्षेत नेला.

7 सप्टेंबर 2019 रोजी चांद्रयान-2 मधील विक्रम हे त्यांच्याच नावाचे अवतरक चंद्रावर आदळले. इंजिनांचा जोर अपेक्षेहून अधिक निघाला आणि साचत गेलेली चूक वेळीच सावरता आली नाही. शास्त्रज्ञांनी दोष उघडपणे मान्य केले, इंधन वाढविले, पाय मजबूत केले, उतरण्याची जागा विस्तृत केली. चांद्रयान-3 ला पृथ्वीजवळ येताच थोडाथोडा रेटा देऊन त्याची कक्षा टप्प्याटप्प्याने मोठी करण्यात आली. मोठ्या प्रक्षेपकाचा खर्च त्यामुळे वाचला. 23 ऑगस्ट 2023 रोजी नवे विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले.

भूस्थिर उपग्रहही आपोआप स्थिर राहत नाही. सूर्य-चंद्राच्या ओढीने तो सतत ढळतो आणि छोटे छोटे झोत सोडून त्याला पुन्हा जागेवर आणावे लागते. संस्थांचेही तसेच आहे. उत्साहाने वर जाणे अनेकांना साधते. पन्नास वर्षे आपल्या कक्षेत टिकून राहण्यासाठी मात्र रोजची जागरूकता, चूक कबूल करण्याचे धैर्य आणि ध्येयाची अचूक दिशा लागते. विक्रमभाईंनी उभारलेल्या संस्था त्यांच्या पश्चात पाच दशके उभ्या राहिल्या, याचे मर्म हेच आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्या कर्मयोग्याच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!