वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (जन्म : १३ एप्रिल १८९५, मृत्यू : २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ आणि कर्करोग संशोधक होते. त्यांना भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानले जाते. त्यांच्या कार्याचे मुख्य क्षेत्र मुंबईतील परळ हे होते.

== शिक्षण व अध्यापन ==
खानोलकरांनी १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी संपादन केली. पुढे मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

== टाटा स्मारक रुग्णालय ==
परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे संचालकपद खानोलकरांकडे आले. गाठ कर्करोगाची आहे की साधी, हे केवळ बाहेरून पाहून किंवा चाचपून निश्चित सांगता येत नाही. त्यासाठी ऊतीचा लहानसा तुकडा काढून तो फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, पॅराफिन मेणात बसवतात व त्याचे अतिशय पातळ काप घेतात. हे काप काचपट्टीवर घेऊन हिमॅटॉक्झिलिन व इओसिन या रंगद्रव्यांनी रंगवतात. त्यामुळे पेशीकेंद्रे निळसर आणि पेशीद्रव्य गुलाबी दिसते. केंद्रकांचा आकार, पेशींची रचना आणि आसपासच्या ऊतीत त्यांचा झालेला शिरकाव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान केले जाते. शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करावयाचे की नाही, हे बव्हंशी या निदानावर ठरते.

== कर्करोग आणि सवयी ==
निदानापुरत्या तपासलेल्या नमुन्यांची रुग्णाच्या राहणीशी सांगड घालणे, हे खानोलकरांच्या संशोधनाचे वैशिष्ट्य होय. मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा त्यांनी घेतलेला आढावा १९४४ साली प्रसिद्ध झाला. १९४५ साली सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी सवयींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार वर्णिले. खालच्या ओठाच्या आत तंबाखू व चुना यांचे मिश्रण धरून ठेवल्याने तेथे होणारा खैनी कर्करोग आणि कमरेवर घट्ट नेसलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाने होणारा धोतर कर्करोग हे त्यांपैकी होत. रोगाची जागा आणि सवयीची जागा एकच असल्याचे यातून स्पष्ट झाले. अशा कर्करोगांना प्रतिबंध करता येईल, या विचारास त्यामुळे आधार मिळाला.

== अन्य संशोधन ==
कुष्ठरोगाच्या प्रारंभिक अवस्थेतील ऊतींचा, विशेषतः त्वचेतील चेतातंतूंचा, त्यांनी सूक्ष्म अभ्यास केला. लक्ष्मण दत्तात्रेय संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांच्या रक्तगटांसह आनुवंशिक लक्षणांची तुलना केली. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक होते. कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले व पुढे या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली.

== पदे व सन्मान ==
खानोलकर हे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष आणि वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक होते. भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ संघटनेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला.