निरपराधांची कैवारी : अगाथा ख्रिस्ती

रहस्यकथा म्हटली की आपल्याकडे अजूनही नाके मुरडली जातात. क्रमिक पुस्तकात लपवून वाचायची, एस.टी.च्या प्रवासात संपवायची आणि कोणी विचारलेच तर वाचली नाही म्हणून सांगायची, अशी तिची अवस्था. बाबूराव अर्नाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून मराठी माणसाला वाचनाची चटक लावली. पण वाङ्मयाची चर्चा सुरू झाली की झुंजार आणि धनंजय यांना पंगतीबाहेर बसावे लागते. मी अर्नाळकरांचेच बोट धरून वाचनाकडे आले. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नसल्यामुळे हे वाच, ते वाचू नकोस असे सांगणारेही कोणी नव्हते. तीच वाट मला पुढे अगाथा ख्रिस्ती यांच्यापर्यंत घेऊन गेली. त्यांची पुस्तके वाचता वाचता माझे एक मत बनले. खुनी कोण, हा त्यांच्या कादंबरीतला वरवर दिसणारा प्रश्न आहे. पण जो खुनी नाही त्याचे काय, हा तिच्या पोटातला प्रश्न आहे. त्यांचे चरित्र सांगता सांगता हेच मत वाचकांपुढे ठेवायचे आहे.

अगाथाचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील टॉर्की या गावी झाला. वडील फ्रेडरिक मिलर हे अमेरिकन, तर आई क्लारा. भावंडांत अगाथा शेंडेफळ. बहीण मॅज आणि भाऊ माँटी तिच्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठे. मुलीला आठव्या वर्षापर्यंत वाचायला शिकवू नये, असे आईचे काहीसे विचित्र मत होते. पण पाच वर्षांची होते न होते तोच पोरगी आपली आपणच वाचू लागली! ती अकरा वर्षांची असताना, १९०१ साली वडील वारले आणि सुखवस्तू घराला पैशांची चणचण जाणवू लागली. नियमित असे शालेय शिक्षण तिला फारसे मिळालेच नाही. पुढे पॅरिसमध्ये तिने संगीताचे धडे घेतले. गळा चांगला होता, पियानोवर हात चालत होता. पण चारचौघांसमोर उभे राहायचे म्हटले की अंगाला कंप सुटे. या लाजाळूपणामुळे संगीताची वाट बंद झाली. एका अर्थाने ते बरेच झाले, असे आज म्हणावे लागेल.

रहस्यकथेकडे त्या वळल्या त्या मॅजमुळे. तुला काही रहस्यकथा लिहिता येणार नाही, असे मॅजने धाकट्या बहिणीला सहज डिवचले होते. तो शब्द मनात राहिला. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. त्याच वर्षीच्या नाताळात अगाथा यांचा विवाह वैमानिक दलातील आर्चिबाल्ड ख्रिस्ती यांच्याशी झाला. पती आघाडीवर, तर पत्नी टॉर्कीच्या युद्धकालीन इस्पितळात स्वयंसेवक परिचारिका! जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता त्या इस्पितळाच्या औषधालयात काम करू लागल्या आणि १९१७ मध्ये त्यांनी औषध देण्याची रीतसर परीक्षाही दिली. कोणते औषध किती प्रमाणात तारक आणि किती प्रमाणात मारक, हे ज्ञान त्यांना तिथे मिळाले. सभोवती कपाटे भरून विषे होती. मग आपल्या कथेतही विषप्रयोगच असावा, हे त्यांना आपोआप सुचले. पहिल्या कादंबरीत त्यांनी वापरलेले स्ट्रिक्निन म्हणजे आपल्याकडच्या काजऱ्याच्या बियांतले विष.

आता गुप्तहेर कसा असावा? त्या काळी बेल्जियमचे निर्वासित टॉर्कीला आले होते. त्यांच्यावरून बाईंना निवृत्त बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याची कल्पना सुचली आणि अंडाकृती डोक्याचा, पिळदार मिशांचा, टापटिपीची विलक्षण हौस असलेला हर्क्यूल प्वारो जन्माला आला. आपण त्याच्या मिशांना हसतो. परंतु तो मुळात देशोधडीला लागलेला, दुसऱ्यांच्या दयेवर परक्या गावात राहणारा माणूस आहे, हे विसरतो. ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ ही कादंबरी अनेक प्रकाशकांनी परत पाठवली. अखेर जॉन लेन यांनी शेवट बदलायला लावून ती स्वीकारली आणि १९२० साली ती प्रसिद्ध झाली. लेखिकेच्या हाती पडले अवघे २५ पौंड!

१९२६ हे वर्ष बाईंच्या आयुष्यात यश आणि दुःख हातात हात घालून आले. ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ या कादंबरीने खळबळ उडवून दिली. पण त्याच वर्षी आई गेली आणि आपले मन दुसऱ्या स्त्रीवर जडले आहे, असे सांगून पतीने घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरच्या रात्री बाई मोटार घेऊन घराबाहेर पडल्या आणि नाहीशा झाल्या. मोटार सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरजवळ बेवारशी सापडली. पोलीस आणि हजारो स्वयंसेवक रानोमाळ हिंडले, विमानांतूनही शोध झाला. पतीनेच काही बरेवाईट केले असावे, असा संशय लोक घेऊ लागले. अकरा दिवसांनी, १४ डिसेंबरला, हॅरोगेट येथील एका हॉटेलात त्या सुखरूप सापडल्या. पतीच्या प्रेयसीचे आडनाव लावून त्या तिथे राहात होत्या! स्मृतिभ्रंश झाला होता, असे घरच्यांनी सांगितले. मग लोकांनी उलट सूर लावला : हे सारे प्रसिद्धीसाठी केलेले नाटक होते! बाईंनी याविषयी आत्मचरित्रातसुद्धा मौन पाळले. मला मात्र वाटते, पुरावा नसताना जग माणसाला कसे दोषी ठरवते, याचा पतिपत्नी दोघांनाही त्या दिवसांत अनुभव आला. १९२८ साली त्यांचा घटस्फोट झाला. वाचकांच्या ओळखीचे झालेले ‘ख्रिस्ती’ हे आडनाव तेवढे मागे राहिले.

दुःख कुरवाळत बसण्याचा बाईंचा स्वभाव नव्हता. त्याच वर्षी त्या एकट्याच ओरिएंट एक्स्प्रेसने निघाल्या आणि बगदादमार्गे ऊर येथील उत्खननापर्यंत जाऊन पोचल्या. १९३० च्या दुसऱ्या भेटीत त्यांची तरुण पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी ओळख झाली आणि ११ सप्टेंबर १९३० रोजी दोघांचे लग्न झाले. वर वधूपेक्षा तेरा-चौदा वर्षांनी लहान होता. पण हा संसार अखेरपर्यंत सुखाचा झाला. इराक आणि सीरियातील मोहिमांवर बाई छायाचित्रे घेत, खापरांची नोंद करीत. निमरूद येथे सापडलेल्या हस्तिदंती वस्तूंवरील माती त्यांनी विणायची सुई आणि चेहऱ्याला लावायचे क्रीम वापरून हलक्या हाताने काढली. वरची माती दूर सारून खालची वस्तू न दुखावता बाहेर काढायची, हेच त्यांच्या कादंबरीचेही तंत्र आहे.

१९३० सालीच ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज’ या कादंबरीतून मिस मार्पल पूर्णपणे वाचकांसमोर आली. सेंट मेरी मीड या खेड्यात राहणारी ही अविवाहित म्हातारी लोकर विणते, बागकाम करते आणि माणसे पाहते. आपल्या गावातही ओट्यावर बसून सगळ्या आळीची खबर ठेवणारी एखादी आजी असतेच. तिला कोणी मोजत नाही, म्हणून तिच्यासमोर सगळे मोकळेपणाने बोलतात. ही दुर्लक्षित बाईच पोलिसांना हरवते, याचा मला फार आनंद होतो.

बाईंच्या लेखनातील प्रामाणिकपणा हा मला सर्वांत मोठा गुण वाटतो. सारे धागे त्या वाचकासमोर उघडे टाकतात. आपल्याला ते दिसत नाहीत, हा आपला दोष. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९३४) आणि ‘अँड देअर वेअर नन’ (१९३९) यांची रचना तर थक्क करते. पण माझी आवडती कादंबरी विचाराल तर मी ‘ऑर्डील बाय इनोसन्स’ (१९५८) हीच सांगेन. खुनाबद्दल शिक्षा झालेला मुलगा तुरुंगात मरण पावतो आणि नंतर एक साक्षीदार येऊन तो निर्दोष होता असे सिद्ध करतो. घरच्यांना आनंद व्हावा की नाही? पण होते भलतेच. खुनी जर तो नसेल, तर तो आपल्यापैकीच कोणी तरी आहे! एका ताटात जेवणारी माणसे एकमेकांच्या नजरा चुकवू लागतात. जोवर सत्य सापडत नाही तोवर निरपराधांची सुटका नाही, हे इतक्या स्पष्टपणे मी दुसरीकडे वाचले नाही. (शेवट मात्र सांगणार नाही. तो सांगणे म्हणजे वाचकाचा खिसा कापण्यासारखे आहे!)

‘द माउसट्रॅप’ या नाटकाचेही तसेच. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी ते लंडनला सुरू झाले आणि करोनाच्या काळातला खंड सोडल्यास अखंड चालून २०२२ साली त्याने सत्तरी गाठली. त्याच्या मुळाशी एक सत्य घटना आहे. १९४५ साली श्रॉपशायरमधील एका शेतावर सांभाळण्यासाठी ठेवलेला बारा वर्षांचा मुलगा मारहाणीने आणि उपासमारीने मेला होता. करमणुकीच्या नाटकात त्या पोराचे दुःख बाईंनी जपून ठेवले.

बाईंच्या लेखनात दोष नाहीत असे नाही. त्यांची पुष्कळ पात्रे बुद्धिबळातल्या सोंगट्यांसारखी वाटतात. सुरुवातीच्या पुस्तकांत ज्यू आणि परदेशी लोकांविषयी तुच्छतेचे उल्लेख आहेत. ‘अँड देअर वेअर नन’च्या मूळ शीर्षकातच कृष्णवर्णीयांना हिणवणारा शब्द होता; तो पुढे बदलावा लागला. निरपराधांची बाजू घेणाऱ्या लेखिकेकडून हे घडले, म्हणून ते अधिक खटकते.

१९७१ साली त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. दुसऱ्या महायुद्धात लिहून ठेवलेली प्वारोची शेवटची कथा ‘कर्टन’ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा या काल्पनिक गुप्तहेराची मृत्युवार्ता ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर छापली! १२ जानेवारी १९७६ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, वॉलिंगफर्ड येथील घरी बाईंनी जगाचा निरोप घेतला. मागे ६६ रहस्यकादंबऱ्या राहिल्या.

त्यांच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच वर्षी, १९७७ साली, कतारहून एक तान्ही मुलगी लंडनच्या इस्पितळात आणली गेली. रोगाचे निदान होत नव्हते. तिची देखभाल करणारी परिचारिका त्या वेळी बाईंची ‘द पेल हॉर्स’ (१९६१) ही कादंबरी वाचत होती. कादंबरीत वर्णिलेली एका दुर्मिळ विषाची लक्षणे आणि त्या मुलीची लक्षणे तिला सारखी वाटली. तिने डॉक्टरांना सांगितले, तपासणी झाली, विषच निघाले आणि मुलगी वाचली. टॉर्कीच्या औषधालयात एका तरुण स्वयंसेविकेने मिळवलेले ज्ञान साठ वर्षांनी असे एका निष्पाप जिवाच्या कामी आले. रहस्यकथा वाचून काय मिळते, असे यापुढे मला कोणी विचारले, तर त्याला मी या मुलीची गोष्ट सांगेन.