पंडिता रमाबाई : बाप्तिस्म्यानंतरचीं आठ वर्षें

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांमध्यें पुष्कळांचा असा समज असतो कीं, बाप्तिस्मा झाला, नांव मंडळीच्या वहींत चढलें आणि प्रभुभोजनास बसण्याची मोकळीक मिळाली, म्हणजे ख्रिस्ती माणसाचें काम पुरें झालें. शेतकऱ्यास मात्र आपल्या शेताविषयीं असा भ्रम कधीं होत नाहीं. पेरणी झाली म्हणून तो पाभर ठेवून स्वस्थ निजत नाहीं. कोळपणी, खुरपणी, राखण हीं सर्व कामें पेरणीनंतरचींच होत. शिष्यपणाचेंहि असेंच आहे. ही गोष्ट ज्यांच्या आयुष्यांत स्पष्ट दिसते, अशा एका थोर ख्रिस्ती भगिनीचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों. पंडिता रमाबाईंची विद्वत्ता व त्यांचा परोपकार यांचीं वर्णनें पुष्कळांनीं वाचलीं असतील. येथें विशेषेंकरून त्यांच्या आत्मिक वाढीचा विचार करावयाचा आहे.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, तेव्हांच्या म्हैसूर संस्थानांतील गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये असा त्या काळचा दंडक असतां त्यांनीं तो मोडून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला तें शिकविलें. लक्ष्मीबाईंनीं आपल्या धाकट्या मुलीस पहांटे उठवून, कुशींत घेऊन, तींच शास्त्रें मुखपाठ करविलीं. पुढें घराला दारिद्र्य आलें. सारें कुटुंब या तीर्थाहून त्या तीर्थास पायीं फिरूं लागलें, आणि पुराणें सांगून मिळेल त्यावर निर्वाह करूं लागलें. अशा स्थितींत दुष्काळ पडला. थोड्याच महिन्यांच्या अंतरानें वडील, आई व वडील बहीण हीं तिघेंहि अन्नावांचून मरण पावलीं. रमाबाई व त्यांचा भाऊ श्रीनिवास हीं दोघेंच उरलीं. तीं उत्तरेकडे चालत गेलीं. थंडीच्या दिवसांत अंगावर पुरेसें वस्त्र नसल्यामुळें झेलम नदीच्या कांठीं खड्डे खणून त्यांत बसावें व डोकें तेवढें बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घ्यावी, अशा रात्री त्यांनीं काढिल्या. उपास, व्रतें, तीर्थें यांपैकीं कांहींच करावयाचें राहिलें नव्हतें, तरी मनास शांति लाभली नाहीं.

१८७८ मध्यें हीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं त्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा पाहिली आणि तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. त्याच शहरांत एका ख्रिस्ती सभेस जाण्याचा प्रसंग त्यांस प्रथम आला. प्रार्थनेच्या वेळीं लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसलेले पाहून, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करितात कीं काय, असें त्या बहीणभावांस वाटलें! त्या वेळीं त्यांस संस्कृत भाषेंतील पवित्र शास्त्राची एक प्रत मिळाली. तिची भाषा त्यांच्या परिचयाच्या ग्रंथांहून इतकी निराळी होती कीं, वाचून फारसा बोध झाला नाहीं. एवढी विद्या असूनहि त्या दिवशीं शुभवर्तमानाचें दार त्यांस बंदच राहिलें.

१८८० मध्यें भाऊ वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं विवाह केला, आणि त्या आसामांतील सिल्चर गांवीं राहूं लागल्या. तेथें घरांतल्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हातीं आली. ती तेथें कशी आली हें त्यांस ठाऊक नव्हतें, पण त्या ती आवडीनें वाचूं लागल्या. ॲलन नांवाचे एक बाप्टिस्ट मिशनरी घरीं येऊन त्यांस शास्त्र समजावून देत. आपल्या पत्नीनें उघडपणें ख्रिस्ती व्हावें हें मेधावींस रुचणारें नव्हतें. परंतु हा प्रश्न निकालास लागण्यापूर्वींच फेब्रुवारी १८८२ मध्यें पटकीनें त्यांचा अंत झाला. रमाबाई तेवीस वर्षांच्या वयांत विधवा झाल्या. कन्या मनोरमा अद्यापि वर्षाची झाली नव्हती.

त्या लहान मुलीस घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं स्त्रियांच्या उन्नतीसाठीं आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच काळांत एका मिशनरी बाईंजवळ त्यांनीं मराठी नव्या कराराचा अभ्यास चालविला. फादर नेहेम्या गोरे, जे स्वतः पूर्वाश्रमीचे शास्त्री होते, त्यांच्या विचारांचाहि त्यांच्यावर मोठा परिणाम झाला. १८८३ मध्यें वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें त्या विलायतेस गेल्या आणि वॉण्टेज येथील भगिनीमंडळाच्या आश्रयास राहिल्या. ऐकूं कमी येत असल्यामुळें वैद्यकीचा विचार सोडावा लागला. ख्रिस्ती व्हावयाचें नाहीं, असा निश्चय करूनच त्या निघाल्या होत्या.

हा निश्चय कशानें पालटला? वादविवादानें नव्हे. लंडनजवळ फुलहॅम येथें त्या भगिनींचें एक काम चालत असे. ज्या स्त्रियांचें पाऊल घसरलें होतें, ज्यांना समाजानें दूर लोटलें होतें, त्यांस तेथें प्रेमानें सांभाळीत. रमाबाईंनीं तें काम पाहिलें आणि त्या थक्क झाल्या. असल्या स्त्रीला कोणी जवळ घेतल्याचें त्यांनीं स्वदेशीं कधीं पाहिलें नव्हतें. हें प्रेम कोठून आलें असें त्यांनीं विचारलें, तेव्हां एका भगिनीनें योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय त्यांस वाचून दाखविला. विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईशीं प्रभु कसा बोलला, हें ऐकून रमाबाईंची खात्री झाली कीं, हिंदुस्थानांतील दलित स्त्रियांचा उद्धार करणारा कोणी असेल तर तो हाच. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

पुष्कळ चरित्रें येथेंच थांबतात. आमच्या विषयास मात्र येथून आरंभ होतो.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंच्या मनांत ख्रिस्ती धर्माच्या शिकवणुकीविषयीं अनेक शंका उठल्या. त्रैक्य, प्रभूचें देवत्व, मंडळीचा अधिकार या विषयांवर त्यांनीं आपल्या इंग्रज गुरुभगिनींशीं पत्रांतून दीर्घ वाद केला. कोणी वडिलधाऱ्यानें सांगितलें म्हणून त्यांनीं एकहि गोष्ट मान्य केली नाहीं. कित्येकांस हा हट्ट वाटला. पण जें पटलें नाहीं तें पटलें असें तोंडानें म्हणण्यास त्या तयार नव्हत्या, आणि शंका आहे म्हणून शास्त्र मिटून ठेवण्यासहि तयार नव्हत्या. या दोन गोष्टी एकत्र फार थोड्यांत आढळतात.

१८८६ मध्यें आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथें हिंदु विधवांच्या दुःखाविषयीं त्यांनीं व्याख्यानें दिलीं, पुस्तक लिहिलें, आणि दहा वर्षें मदत देण्याचें वचन देणारें एक मंडळ उभें राहिलें. ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास नेलें. पहिल्या विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई या पुढें १८९३ मध्यें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

बाहेरून पाहणारास वाटलें असतें कीं, या बाईंना आणखी काय पाहिजे? बाप्तिस्मा झाला होता, कीर्ति दोन खंडांत पसरली होती, हातून सत्कर्म घडत होतें. परंतु त्यांचें अंतःकरण रिकामें होतें, आणि तें त्यांनीं स्वतःपासून लपविलें नाहीं. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नांवाच्या इंग्रज पाळकाचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. हे गृहस्थ कॉर्नवॉल प्रांतांत कित्येक वर्षें उपासना चालवीत असतां, १८५१ मध्यें आपल्याच व्यासपीठावर उपदेश करितांना त्यांचें परिवर्तन झालें होतें. ही हकीकत वाचून रमाबाई स्वतःकडे पाहूं लागल्या. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षें झालीं होतीं; ख्रिस्ताचा धर्म आपणांस मिळाला, पण धर्म देणारा ख्रिस्त आपला झालेला नाहीं, असें त्यांस दिसून आलें. धर्मांतर आणि चांगलें आचरण यांच्या बळावर आपण शांति शोधीत होतों, हें त्यांनीं ओळखलें. मग विदुषीपणा बाजूस ठेवून, केवळ पापी म्हणून त्या प्रभूपाशीं आल्या, आणि जी क्षमा विकत मिळत नाहीं ती त्यांनीं दान म्हणून घेतली. पुढें १९०७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत त्यांनीं हें सर्व जगापुढें मोकळेपणानें मांडिलें. एवढ्या नांवाजलेल्या बाईनें, आपण आठ वर्षें अपुऱ्या होतों, हें कबूल करणें सोपें नव्हतें.

खरी भेट झाली म्हणजे किंमतहि द्यावी लागते. शारदा सदनांत कोणावर धर्माची सक्ति करावयाची नाहीं असा नियम होता, आणि रमाबाईंनीं तो पाळिला. पण त्या स्वतः मनोरमेला घेऊन आपल्या खोलींत रोज प्रार्थना करीत, आणि खोलीचें दार लावून घेत नसत. कांहीं मुली आपखुषीनें येऊन बसूं लागल्या. १८९३ मध्यें यावरून पुण्यांत मोठें वादळ उठलें. सल्लागार मंडळांतील प्रतिष्ठित गृहस्थांनीं आपलें अंग काढून घेतलें. पालकांनीं पुष्कळ मुली परत नेल्या. दार लावून घेतलें असतें तर कदाचित् सारें निभावलें असतें. रमाबाईंनीं मुली जाऊं दिल्या, पण दार लाविलें नाहीं.

अमेरिकेच्या मदतीची मुदत एक दिवस संपणार हें जाणून त्यांनीं पुण्याजवळ केडगांव येथें जमीन घेतली, विहिरी खणविल्या व फळझाडें लाविलीं. पुढें एकदां लोणावळ्याच्या आत्मिक मेळाव्यास त्या गेल्या असतां त्यांच्याबरोबर विश्वास ठेवणाऱ्या पंधरा मुली होत्या. एके पहांटे एकांतांत प्रार्थना करितांना, या पंधरांस पंधरांनीं गुणून येणाऱ्या संख्येइतक्या, म्हणजे दोनशें पंचवीस मुली प्रभूनें द्याव्या, असें त्यांनीं मागितलें. मागणें हिशेबापलीकडचें होतें. थोड्याच काळांत १८९६-९७ चा घोर दुष्काळ आला. बालपणीं उपाशी मेलेल्या आपल्या माणसांची आठवण त्यांच्या मनांत जागी झाली. त्या मध्यप्रांतांत जाऊन सुमारें तीनशें मुली घेऊन आल्या. केडगांवच्या माळावर मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळ पोंचली. विणकाम, छापखाना, दुभतीं जनावरें, शेती, अंधांची शाळा असे नाना उद्योग तेथें चालत. पतित स्त्रियांसाठीं कृपासदन निघालें. फुलहॅम येथें जें बीज डोळ्यांनीं पाहिलें होतें, तें वर्षांनंतर केडगांवास पिकास आलें.

१९०५ मध्यें तेथें मोठी आत्मिक जागृति झाली. आरंभीं सुमारें सत्तर जणी नित्य प्रार्थनेस जमत, त्यांच्या शेंकडों झाल्या. जागृतीचा उत्साह ओसरल्यावर रमाबाई पुन्हां कामास लागल्या. खेड्यांतील अशिक्षित बाईला कळेल अशा साध्या मराठींत संपूर्ण पवित्र शास्त्र द्यावें म्हणून त्यांनीं उतारवयांत इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. कलकत्त्यास संस्कृत प्रत हातीं असून अर्थ लागला नव्हता, हा अनुभव त्यांस होताच. वर्षानुवर्षें हें भाषांतर चाललें होतें, आणि मुक्तींतल्या मुलीच तें छापीत होत्या.

शेवटची परीक्षा कठीण होती. कामाचा भार जिच्यावर सोंपवावयाचा, ती मनोरमा ता. २४ जुलै १९२१ रोजीं मिरज येथें चाळिसाव्या वर्षीं वारली. आईबाप, बहीण, भाऊ, पति आणि आतां एकुलती एक लेक. रमाबाईंचें असें म्हणावयास कोणी उरलें नाहीं. तरी भाषांतराचें काम थांबलें नाहीं. तें हातावेगळें झाल्यावर ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं केडगांवीं देह ठेविला. संपूर्ण शास्त्र त्यांच्या मागें १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें. मुक्तीचें काम त्या ठिकाणीं आजहि चालूं आहे.

प्रिय वाचकहो, आपणांपैकीं पुष्कळांचे आजे-पणजे ख्रिस्ती झाले. त्यामुळें आपला बाप्तिस्मा आपणांस आठवतहि नाहीं. रमाबाईंना आठ वर्षांनीं जो प्रश्न पडला, तो आपणांस चाळीस वर्षांत एकदां तरी पडला आहे काय? पडला असेल तर भिऊं नये. कोरड्या जमिनीस भेग पडली म्हणजेच पाणी आंत मुरतें. आणि उत्तर सांपडलें असेल तर तेवढ्यावर थांबूं नये. त्यांच्या हातून जें घडलें तें सर्व आपल्या हातून घडणार नाहीं. परंतु रोज शास्त्राचा एक अध्याय वाचणें, मनांत शंका असेल तर ती प्रभूपुढें व पाळकापुढें उघड सांगणें, सायंकाळीं घरांत प्रार्थना करितांना शेजाऱ्यांसाठीं दार उघडें ठेवणें, आणि गांवानें टाकिलेल्या एखाद्या बाईस आपल्या ओटीवर बसवून भाकर देणें, एवढें कोणत्याहि खेड्यांत, कोणत्याहि झोंपडींत होऊं शकतें. पेरणी आपल्या वडिलांनीं केली. कोळपणी आपण करावयाची आहे. वाढ देणारा देव आहे.