गार्सिया द ओर्ता : गोव्यात बसून गॅलनच्या चुका दाखविणारा वैद्य

मांडवीच्या काठावरील गोवा शहरात, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात, १० एप्रिल १५६३ या दिवशी एका ग्रंथाची छपाई पूर्ण झाली. हिंदुस्थानात मुद्रणयंत्र येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. मुद्रक जोआनिश द एंडेम याच्या हातून इतक्या चुका राहिल्या की शुद्धिपत्रासाठी कित्येक पाने खर्ची पडली. मजकूर मात्र असा होता की, तो युरोपातील कोणत्याही विद्यापीठात बसून त्या काळी लिहिला गेला नसता. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयीचे सुमारे साठ संवाद त्यात होते. लेखक होता गार्सिया द ओर्ता, गोव्यात जवळजवळ तीन दशके वैद्यकी केलेला पोर्तुगीज वैद्य.

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास स्पेनच्या सीमेलगतच्या कास्तेलो द वीद या पोर्तुगीज गावी झाला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ साली स्पेनने ज्यूंना हद्दपार केले, तेव्हा हे कुटुंब सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. परंतु १४९७ मध्ये तेथेही ज्यूंचे सक्तीने धर्मांतर करण्यात आले. अशा धर्मांतरितांना नवख्रिस्ती म्हणत. घरात जुना धर्म गुप्तपणे पाळला जातो, असा संशय त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या घेतला जाई. गार्सिया याच नवख्रिस्ती समाजात वाढला.

सालामान्का आणि अल्काला या स्पेनमधील विद्यापीठांत त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १५२३ मध्ये तो मायदेशी परतला. काही काळ गावी व्यवसाय केल्यावर तो लिस्बनला आला. १५३० मध्ये तेथील विद्यापीठात त्याला अध्यापनाचे काम मिळाले. त्या काळी वैद्यकाचे अध्ययन म्हणजे प्रामुख्याने गॅलन, डायोस्कोरायडीस व इब्न सिना यांच्या ग्रंथांचे वाचन आणि त्यांवरील भाष्य. मिरी, दालचिनी, हिंग, जायफळ यांची वर्णने विद्यार्थी पाठ करीत. ती झाडे मात्र ना गुरूने पाहिलेली असत, ना शिष्याने. औषधे सुकलेल्या, दळलेल्या आणि पुष्कळदा भेसळ झालेल्या स्वरूपात दुकानात पोहोचत. एखादे द्रव्य ग्रंथातील वर्णनाशी जुळले नाही, तर दोष द्रव्याला दिला जाई. ग्रंथ चुकला असे म्हणण्याची रीत नव्हती.

मार्च १५३४ मध्ये मार्तीं आफोंसो द सौझा याच्या आरमाराबरोबर ओर्ताने लिस्बन सोडले आणि सप्टेंबरात तो गोव्याला उतरला. दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन म्हणजेच धर्मसमीक्षण न्यायालय स्थापन झाले. तो वेळीच निघाला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिली काही वर्षे तो सौझाबरोबर मोहिमांवर हिंडला. दीव आणि काठेवाड त्याने पाहिले, घारापुरीची लेणी पाहिली व पुढे त्यांचे वर्णनही लिहिले. सौझा नंतर मायदेशी गेला, ओर्ता मात्र येथेच राहिला. गोव्यात त्याने घर केले, औषधी वनस्पतींची बाग लावली, व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांच्यावर उपचार केले. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा हा त्याचा रुग्ण आणि स्नेहीही झाला. दरवर्षी काही महिने दरबारी राहावे म्हणून निजामशहाने मोठ्या रकमेचा प्रस्ताव ठेवला होता, पण तो ओर्ताने स्वीकारला नाही. तथापि त्या दरबारातील अरब व इराणी हकीमांशी झालेल्या चर्चांचा त्याला आयुष्यभर उपयोग झाला. इब्न सिनाचा ग्रंथ तो लॅटिन भाषांतरातून शिकला होता, हे हकीम तो मूळ अरबीतून जाणत होते. औषधींची अरबी नावे लॅटिनमध्ये उतरताना कशी विपर्यस्त झाली, हे त्याला अहमदनगरात उमगले, सालामान्कात नव्हे.

१५५४ च्या सुमारास मुंबईचे बेट त्याला पोर्तुगीज सत्तेकडून खंडाने मिळाले. आज जेथे जमिनीचा वीतभर तुकडा मिळणे दुरापास्त आहे, त्या संपूर्ण बेटाचा धनी एक वैद्य होता. त्याला त्याचे विशेष अप्रूप असल्याचे दिसत नाही. ग्रंथात मुंबईचा उल्लेख येतो तो मुख्यतः तेथील वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याच्या झाडापायी.

ग्रंथाची रचना संवादाची आहे. रुआनो नावाचा एक वैद्य, ओर्ताचा विद्यार्थिदशेतील मित्र, स्पेनमधून नुकताच गोव्यात येतो. तो प्रश्न विचारतो, प्राचीन ग्रंथांचे दाखले देतो आणि ओर्ता त्याला प्रत्यक्ष द्रव्य दाखवून उत्तर देतो. रुआनो हे काल्पनिक पात्र आहे. लिस्बनमधला ओर्ता आणि गोव्यातला ओर्ता एकमेकांशी बोलत आहेत, असे हे संवाद वाचताना वाटत राहते. एका ठिकाणी ओर्ता मोकळेपणाने कबूल करतो की, स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध किंवा ग्रीकांविरुद्ध शब्द काढण्याचे धाडस मला झाले नसते. संपूर्ण ग्रंथाचे मर्म या कबुलीत आहे. लिस्बनमध्ये सहकारी, परीक्षक आणि परंपरा यांचे दडपण होते. गोव्यात ते पोहोचत नव्हते, आणि बंदरावर दररोज नवी गलबते लागत होती.

उदाहरणार्थ मिरी. काळी मिरी आणि पिंपळी एकाच झाडाची, वेगवेगळ्या अवस्थांतील फळे आहेत, असे डायोस्कोरायडीसने लिहून ठेवले होते आणि युरोप दीड हजार वर्षे तेच मानत होता. मिरीचा वेल मलबारात, पिंपळी येते बंगालकडून आणि दोन्ही वनस्पती निराळ्या, हे ओर्ताने स्पष्ट केले. दालचिनीविषयीच्या प्राचीन दंतकथाही त्याने बाजूला सारल्या; ती सिंहलद्वीपाहून येते आणि झाडाची साल आहे, इतकी साधी गोष्ट त्याने सांगितली. बोकडाच्या रक्ताने हिरा मऊ होतो ही समजूत त्याने खोडून काढली.

हिंगाची गोष्ट तर खुसखुशीत आहे. विजयनगरात एका पोर्तुगीजाचा उमदा घोडा पोटातील वाताने बेजार होता, म्हणून राजा तो विकत घेईना. पोर्तुगीजाने पिठातून हिंग चारला आणि घोडा बरा झाला. उपाय कोणता केला हे कळल्यावर राजा उद्गारला की, त्यात नवल नाही, तू त्याला देवांचे अन्न दिलेस. त्यावर तो पोर्तुगीज स्वतःच्या भाषेत हळूच पुटपुटला की, हे तर सैतानांचे अन्न. ज्या पदार्थाच्या वासाने युरोपीय नाक मुरडीत, तो येथे रोजच्या आमटीत पडतो, हे ओर्ताने कुतूहलाने नोंदविले आहे.

उपळेट या मुळीवरील संवाद चालू असताना एका रुग्णाकडून बोलावणे येते. रुग्णाला पटकी झालेली असते. आशियाई पटकीचे युरोपीय वैद्याने केलेले पहिले तपशीलवार वर्णन म्हणून हा भाग वैद्यकाच्या इतिहासात गणला जातो. मंदावत जाणारी नाडी, थंड पडणारी त्वचा, खोल गेलेले डोळे, पायांत येणारे गोळे, हे सारे त्यात आहे. ओर्ताने रोगाचे देशी नाव दिले आहे ‘मोर्शी’. मराठी आणि कोंकणी वाचकाला ‘मोडशी’ ओळखावयास वेळ लागणार नाही. हाच शब्द पुढे युरोपीय भाषांत फिरत फिरत फ्रेंचांच्या तोंडी ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचा झाला. देशी वैद्य अशा रुग्णाला मिरी-जिरे घातलेली तांदळाची पेज देतात, ही नोंदही त्याने केली आहे.

मात्र गोव्याने जशी दृष्टी दिली, तशीच तिला मर्यादाही घातली. ओर्ताला संस्कृत येत नव्हते; चरक-सुश्रुतांचे ग्रंथ त्याने वाचलेले नव्हते. हिंदू वैद्यांना शरीररचनेचे ज्ञान नाही, असे तो बेधडक लिहितो. त्यांचे अतिसारावरील उपाय मात्र वापरतो. काळी आणि पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींची, हा त्याचा समजही चुकीचाच होता. उपळेट कोठून येते, या प्रश्नाला त्याचे उत्तर होते मांडू-चितोडकडून, कारण त्या मुलखातून गाड्या भरभरून येताना व्यापाऱ्यांनी पाहिल्या होत्या. वास्तविक ही वनस्पती काश्मीरच्या उंच पहाडांतील आहे. जेथवर बाजार पोहोचत होता, तेथवर ओर्ताचे ज्ञान पोहोचत होते.

या ज्ञानाचे दुसरे वाटेकरीही होते. मालूपा नावाचा एक हिंदू वैद्य संवादांत डोकावतो. अंतोनिया ही दासी बागेतून किंवा बाजारातून वनस्पती आणून समोर ठेवते. धन्याने नाव घेतले की तिला झाड माहीत असते. तिच्याविषयी याहून अधिक काही ग्रंथ सांगत नाही. ओर्ताने अनुभवाचा गौरव केला, पण त्यातील पुष्कळसा अनुभव अशा माणसांचा होता.

ग्रंथ पोर्तुगीजमध्ये होता, विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हता. त्यात तेव्हा गोव्यातच राहणाऱ्या लुईश द कामोंइशची एक कविता होती. कामोंइशची छापली गेलेली ही पहिली रचना मानली जाते. क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाला ग्रंथाची प्रत पोर्तुगालच्या प्रवासात मिळाली आणि १५६७ मध्ये अँटवर्प येथे त्याने लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला. रुआनो गेला, अंतोनिया गेली, जेवणाच्या वेळा आणि दारावर येणारी बोलावणी गेली. उरली ती द्रव्यांची सुटसुटीत वर्णने. पुढे युरोपने ओर्ताला वाचले ते बहुतांशी याच रूपात. त्या ज्ञानाला गोव्याचा पत्ता होता, हे त्यामुळे सहज विसरले गेले.

एव्हाना समुद्राचे अंतरही अपुरे पडू लागले होते. ओर्ताची आई आणि दोन बहिणी १५४९ च्या सुमारास गोव्यात आल्या होत्या, त्या लिस्बनमध्ये इन्क्विझिशनची कैद सोसून. १५६० मध्ये ते न्यायालयच गोव्यात आले. ओर्ताच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ग्रंथ तपासून पाहणारा म्हणून ज्याचे नाव छापले आहे, तो आलेशु दियश फाल्कां हा गोव्यातील इन्क्विझिटर होता. गॅलनच्या चुका निर्भयपणे दाखविणाऱ्या या ग्रंथात लेखकाच्या ज्यू वंशाविषयी एक अक्षर नाही. लिहिताना त्याच्या मनात काय चालले असेल, याची कल्पनाच करावी.

ओर्ता १५६८ मध्ये निवर्तला. त्याच वर्षी बहीण कातारीना पकडली गेली आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जाळण्यात आले. तिच्या खटल्याच्या चौकशीत भावावरही गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचा आरोप नोंदला गेला. डिसेंबर १५८० मध्ये ओर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून काढून जाहीरपणे जाळण्यात आल्या.

कोंद द फिकाल्यु याने १८८६ मध्ये ओर्ताचे विस्तृत चरित्र लिहिले, तेव्हा त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. न्यायालयाच्या कागदपत्रांतून ही हकिगत उजेडात आली ती १९३४ मध्ये. पणजीत चर्चसमोरील उद्यानाला मात्र त्याआधीपासूनच ओर्ताचे नाव देण्यात आले होते.